पहिली रांग, अकरा नंबर

...नाही, हसा तुम्ही, हसा, पण मला आधी एवढंच सांगा, दचकणं काय कुणी ठरवून करतं का? आमच्या घरी सगळ्यांना वाटतं मी ठरवून करते. दाराची बेल वाजली की कप आधी जमिनीवर आणि मग मी दाराशी. धाकटा भाऊ तर शिंकण्याआधी नोटीस देतो, 'ताई, येतेय हं, धरून बस.' आणि नोकरी कुठं म्हणाल, तर कानाच्या दवाखान्यात! लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, 'बीप ऐकू आला की बटण दाबा' म्हणायचं, हे माझं काम. पेशंट बटण दाबतो, माझ्यासमोर दिवा लागतो आणि मी दचकते. दिवसातून दोनशे वेळा. डॉक्टरीणबाई म्हणतात, सहा वर्षांत तुला निदान दिव्याची तरी ओळख व्हायला हवी होती.

आता अशा मुलीला काय आवडावं? विणकाम आवडावं, मासे पाळायला आवडावेत... मला आवडतं रॉक! आणि त्यातही ते नाटक. तुम्ही पाहिलं नसेल तर तुम्हाला कसं सांगू... जुन्या काळातलं टेलिफोन एक्सचेंज, प्रत्येक फोन कुणीतरी हातानं वायर खोचून जोडून द्यायचा तेव्हाचं. तिथं पाच मुली दिवसभर साऱ्या गावाची बोलणी जोडून देतात आणि त्यांच्याशी मात्र कुणी बोलत नाही, मग त्या साहेबाच्या नाकावर टिच्चून बँड काढतात, दोन गिटार, एक ड्रम, आणि अशा काही गातात की खुर्ची खालून थरथरते. नऊ वेळा पाहिलंय मी. नऊही वेळा शेवटची रांग, खांबामागे.

आणि शेवटून दुसऱ्या गाण्यात तो एक्सचेंजचा बोर्ड उडतो. धडाम! ठिणग्या, धूर, सगळीकडे काळोख, वीस सेकंद चिडीचूप. मग नायिका माइक घेऊन खाली उतरते, सरळ पहिल्या रांगेत अकरा नंबरच्या खुर्चीशी येते आणि गाऊन विचारते, 'कोण आहे तिकडे?' तिथं जो बसलाय त्यानं गाऊन उत्तर द्यायचं, 'मी आहे! लाईन तोडू नका!' झालं. पाच शब्द. पण ते कुणी म्हटल्याशिवाय नाटक पुढं सरकत नाही, आणि जो म्हणेल त्याला फोनच्या गुंडाळीच्या वायरचं एक कडं मिळतं. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर एकोणीस जणांकडे ते कडं आहे. ते लोक जेवतानाचे फोटोसुद्धा असे काढतात की ताट अर्धं आणि मनगट पूर्ण!

सात महिने मी त्या खुर्चीच्या मागे होते. बुकिंग उघडलं की क्षणात अकरा नंबर गेलेला. आणि एक दिवस, दवाखान्यात, काचेपलीकडे एक आजोबा बीपची वाट बघत बसलेले, आणि इकडे मला मिळालं! अकरा आणि बारा! मी अशी किंचाळले की आजोबांनी बटण दाबलं.

पण तो धडाका! शेवटच्या रांगेत, खांबामागे, आठ वेळा आधीपासून माहीत असून नऊही वेळा मी खुर्चीखाली. मग पहिल्या रांगेत काय होणार? आणि दचकले की माझा आवाज जातो हो, पाच मिनिटं नुसती हवा येते. दचकणं काय कुणी ठरवून करतं का? पण मीही कानांच्याच कामातली माणूस. दवाखान्यातले सगळ्यात चांगले बोळे घेतले, मऊ, पिळून आत सारले की कानात फुगून बसणारे. धडाका व्हायच्या आधी बोळे आत, धडाका झाला की बोळे बाहेर, घोट पाणी, 'मी आहे'. वीस सेकंदांचं काम. बाथरूममध्ये घड्याळ लावून सराव केला, चौदा सेकंदांत यायला लागलं.

तर ज्या दिवशी खेळ त्याच दिवशी सकाळी मैत्रिणीला ताप. बारा नंबर रिकामा. आई म्हणाली, आत्याला ने.

आता आमची आत्या. तीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळ शिकवले, शिट्टी घरी विसरली तर काही अडायचं नाही असा आवाज. ऐकू मात्र पाच-सहा वर्षं झाली कमी येतं. मशीन मीच बसवून दिलंय, पण ते असतं ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला छान ऐकू येतं. फोन आला की रिसीव्हर भावाकडे देते, चारचौघांत नुसती हसून मान हलवते. मला म्हणाली, 'येते, पण कलकलाट झाला तर मशीन काढून झोपेन, उठवायचं नाही.' मी म्हटलं थांब, आणि मशीन घेऊन बसले. गाण्यासाठी त्यात वेगळी सेटिंग करता येते, बारीक आवाज वर आणायचा, धडाका मशीननंच दाबून धरायचा. तासभर खपले. का तर तिनं घोरू नये. माझ्या गाण्याच्या वेळी शेजारी घोरणं नको!

आणि काय ती पहिली रांग! ड्रमवालीच्या कपाळावरचा घाम दिसत होता, गिटारवालीच्या बुटाची नाडी सुटलेली दिसत होती, ड्रमची काठी मोडली तर तिचा कपचा माझ्या मांडीवर, अजून जपून ठेवलाय. पहिल्याच गाण्याला मी तीनदा दचकले आणि तिन्ही वेळा इतका आनंद झाला की विचारू नका. आत्याकडे बघायला मला वेळच नव्हता. मध्यंतरात तिनं विचारलं, 'ते मागून बारीक किणकिण येतं, ते सगळ्यांना ऐकू येतं?' मी म्हटलं, येतं, आत्या, आणि तिच्या कानाशीच माझे पाच शब्द सुरात गुणगुणत राहिले.

आलं ते गाणं! मी बोटांवर ताल मोजतेय, चौथं कडवं, बोळे पिळले, सारले, डोळे मिटले, खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि...

धडाम!

आणि मी दचकले नाही.

तुम्हाला समजतंय का मी काय सांगतेय? मी, दचकले, नाही! जन्मात पहिल्यांदा! नुसता पोटात एक मऊ ठोका पडला, बस्स. मला इतकं भरून आलं, मी डोळे मिटून तशीच बसले, म्हटलं आता भावाला शिंकू दे, आता आख्खा दवाखाना बीप करू दे... आणि या आनंदात बोळे काढायचे राहिले.

नायिका आली होती म्हणे. 'कोण आहे तिकडे?' एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. सातशे माणसं श्वास रोखून, बँड थांबलेला, आणि मी डोळे मिटून मंद हसतेय. शेवटी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

झालं ना मग. धडाक्याला वाचलेले दचके सगळे व्याजासकट निघाले. मी उडाले, पाणी उडालं, बाटली गिटारवालीच्या पायाशी, मी गुडघ्यांवर, तोंड उघडलेलं आणि आतून नुसती हवा. आणि मग मला जमिनीतून काहीतरी जाणवलं, कानाला नाही, गुडघ्याला. वर बघते तर आत्या उभी! माइक तिच्या हातात, हात सरळ, मान वर, मैदानावर उभी राहायची तशी. मी एक बोळा उपसला आणि अर्धंच ऐकलं... '...तोडू नका!' सुरात! माझ्या तासभर खपलेल्या सेटिंगच्या सुरात!

सगळं थिएटर उभं राहिलं. ड्रमवालीनं काठ्या फेकल्या. नायिकेनं कडं काढलं आणि आत्याच्या मनगटात घातलं. आणि मी खुर्चीखालून टाळ्या वाजवल्या... काय करणार?

बाहेर आल्यावर मी फार भांडणार होते. वाक्यं तयार होती. म्हटलं, 'आत्या, अगं ती खुर्ची माझी होती. सात महिने!' ती कड्याकडे बघत होती. म्हणाली, 'हो गं, चुकलं माझं. पण किती वर्षांनी कुणी काही विचारलं आणि मला पहिल्याच फटक्यात ऐकू आलं. उत्तर देऊन बसले बघ.'

मग मी रिक्षा थांबवली आणि आत्याला आधी बसवलं.

तेव्हापासून मशीन ड्रॉवरमध्ये नाही. घरचे फोन सगळे आत्या घेते, बेल वाजायच्या आत घेते, म्हणून मी दचकतही नाही. आमच्या ग्रुपवर ती विसावी, रोज मनगटाचा फोटो टाकते. पुढच्या शनिवारचं तिकीट तिनं काढलंय, मलाही ने म्हटलं तर म्हणाली, 'चल की, पण तू आपली खांबामागे बस, तिथं तुला बरं पडतं.'

निघते मी. तिच्या मशीनचे सेल आणायचेत. तेवढं मलाच बघावं लागतं... ऐन वेळी सेल संपले आणि लाईन तुटली, तर घरचे म्हणणार, दचकण्याच्या नादात सेल आणायचे विसरली!