कुरणहट्टी बंदर आणि वीस लिटरचा कॅन

...आणि वर त्यालाच विचारतात हो! "अण्णा, अर्ज करायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" म्हणजे बघा, धक्क्यावर साखळी बांधली सरकारनं, नाव अडवली सरकारनं, डिझेलचा कॅन उन्हात बसवून ठेवला सरकारनं, आणि शिव्या कुणाला? अण्णाप्पाला! बरं, गावानं तोंड सोडलं तर एक वेळ ठीक, पण घरची बायको भाकरीचा डबा देताना पदराआड हसते, ते माणसानं कसं सोसायचं?

तुम्हाला सांगतो, हा अण्णाप्पा कुरणहट्टीचा. निपाणीकडून नदीकडं सुटलात की दूधगंगेच्या अलीकडच्या काठाला शेवटचं गाव. अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र, मधे पाणी, आणि अण्णाप्पाचं घर अलीकडं, रान पलीकडं. जैन घरातला माणूस, तंबाखूचा शेतकरी, ग्रामपंचायतीचा मेंबर. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचा नाही, आणि सूर्य उगवल्यापासून दुसऱ्याला सुधारल्याशिवाय राहायचा नाही. रस्त्यात खड्डा पडला, अर्ज. खड्डा बुजवला तर टेंगूळ आलं म्हणून अर्ज! कन्नडमधून लिहायचा, पारावर मराठीतून वाचून दाखवायचा, आणि पोचपावती देवघरात ठेवायचा.

पावसाळ्यात तिथला बंधारा पाण्याखाली जातो. मग पलीकडं जायला एकच, भावकूची नाव. नाव लाकडाची, मागं डिझेलचं इंजिन, आणि ते इंजिन सुरू झालं की दोन्ही राज्यांतली कुत्री एकदम भुंकतात. नाव लागायला पंचायतीनं नवा धक्का बांधला. धक्का म्हणजे काय, सिमेंटच्या बारा पायऱ्या, खाली एक चौथरा आणि दोर बांधायला दोन लोखंडी खुंट. पण त्या चौथऱ्यावरून काय काय जायचं म्हणता! माणसं, शेळ्या, खताची पोती, आणि डिझेलचे कॅन. डिझेल अलीकडं स्वस्त ना! सीमेवर जन्माला यायचं आणि पलीकडच्या पंपावर महागाचं डिझेल भरायचं? अहो, आमच्याकडं अशा माणसाला मुलगी देत नाहीत!

तर गेल्या श्रावणात काय झालं, अण्णाप्पा नावेत चढतो तो बघतो, परशराम डिझेलच्या कॅनवर बसलाय. नुसता बसलाय? बिडी ओढतोय! राख कुठं झाडतोय? कॅनच्या झाकणावर! अण्णाप्पा तिथनंच ओरडला...

"ए परशा! ऊठ! नाव पेटवतोस काय रं?"

"अण्णा, वरडताय कशाला? तंबाखू तुमच्याच रानातली हाय की!"

सगळी नाव हसली. शेळ्यासुद्धा हसल्या म्हणतात, पण ते मी बघितलेलं नाही. अण्णाप्पा घरी आला आणि कागद घेऊन बसला. एकच वाक्य लिहिलं. 'धक्क्यावरून ज्वलनशील द्रवाची ने-आण होते, तरी योग्य ते नियम लागू करावेत.' आता ह्यात अण्णाप्पाचं काय चुकलं? तीस माणसांचा जीव वाचावा म्हणून माणूस एक वाक्य लिहितो, त्यात काय चुकलं, सांगा ना!

अर्ज गेला गेल्या श्रावणात, उत्तर आलं ह्या श्रावणात. आणि उत्तर म्हणजे चिठ्ठी नव्हे, बेचाळीस पानं! तालुक्याच्या कुठल्याशा टेबलावर कुणीतरी विचार केला असणार, धक्का, ज्वलनशील द्रव... हां, समुद्राकडच्या एका बंदराचे नियम आपल्याकडं आहेतच की! बंदराचं नाव खोडलं, वर कुरणहट्टी लिहिलं, शिक्का मारला, दिलं पाठवून.

ते आलं नेमकं कधी? अण्णाप्पाचा पलीकडं तंबाखूचा तरवा टाकलेला. तरवा म्हणजे लावणीची कोवळी रोपं, वाफ्यात बोटभर उगवलेली, सगळं वर्ष त्याच्यावर. आणि वरनं पंधरा दिवस थेंब नाही. गंमत बघा, धरणातनं पाणी सोडलंय म्हणून नदी भरून चाललीय, आणि आभाळ कोरडं ठणठणीत! पुराच्या भीतीनं सगळ्यांनी विजेच्या मोटारी काढून घरात आणलेल्या. राहिलं माळावरच्या विहिरीवरचं डिझेलचं इंजिन. म्हणजे तीन दिवसांत वीस लिटर डिझेल पलीकडं पोचलं तर रोपं जगली, नाहीतर वर्षाची तंबाखू गेली. कॅन खांद्यावर टाकून अण्णाप्पा धक्क्यावर येतो, तर पायऱ्यांना ही साखळी! आणि साखळीच्या पलीकडं नागेंद्र.

नागेंद्र म्हणजे पंचायतीचा पीडीओ, सरकारी अधिकारी. कोरडवाहू मुलखातला, सज्जन माणूस, आवाज चढवायचा नाही, फक्त "आगूदिल्ल री" म्हणायचा. म्हणजे जमत नाही. ते इतक्या गोड म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं काम झालं.

"नागेंद्र सर, साखळी काढा. डिझेल न्यायचंय."

"आगूदिल्ल री, अण्णारे. आता रूल आलेत. तुम्हीच मागवलेत ना? लई चांगले हायत बघा."

आणि कॅन नोंदवून घेतला. नोंदवल्यावर फॉर्म पुढं केला. जहाजाचं नाव काय? जहाजाचा कप्तान कोण? कप्तानाचं राष्ट्रीयत्व काय? भावकूला बोलावलं. भावकू म्हणाला, "आई पलीकडची, बा अलीकडचा. मधल्यामधी काय असंल ते लिवा." शेवटचं बंदर कुठलं सोडलं? "म्हशीचा डोह." म्हणजे धक्क्याच्या जरा खाली म्हशी डुंबतात ते पाणी. लिहिलं! तुम्हाला सांगतो, लिहिलं त्यानं!

मग पुढचं कलम. भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लावाव्यात. आता कुरणहट्टीला भरती कसली? धरणवाल्यांनी दार उघडलं की भरती, जेवायला जाताना मिटलं की ओहोटी! मग आग विझवायला पाच हजार लिटर पाण्याची टाकी पाहिजे. अण्णाप्पानं नुसतं बोट केलं. समोर, अहो समोर, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, पाणीच पाणी!

"सर, ही काय हाय?"

"नदी हाय री. पण नदी पाटबंधारे खात्याची. टाकी पंचायतीची पाहिजे."

बरं, टाकी येईल तेव्हा येईल, तोवर नाव तरी लागू दे? तर तेही नाही! ज्या जहाजात ज्वलनशील द्रव आहे त्यात प्रवासी चढवू नयेत. भावकू म्हणाला, "डिझेल माझ्या इंजिनात हाय की ओ."

"मग ते काढून टाका, आणि लावा धक्क्याला."

"काढल्यावर येऊ कसा?"

"वल्ह्यानं."

"भरल्या नदीला? सायेब, वल्ह्यानं मी थेट संगमाला जाऊन लागीन!"

अण्णाप्पा म्हणाला, जाऊ दे, मी कॅन घरी नेतो. तर कॅन घरी नेता येईना! एकदा माल धक्क्यावर नोंदवला की तो पाण्यानंच गेला पाहिजे, परत जमिनीवर उतरवायचा तर वेगळा परवाना. आणि माल धक्क्यावर असेपर्यंत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत लाल निशाण घेऊन एक जबाबदार व्यक्ती तिथं हजर पाहिजे. ती कोण? नागेंद्रनं पान उलटलं, बोटानं ओळ दाखवली. मूळ अर्जदार!

आता ह्यात अण्णाप्पाचं काय चुकलं? लग्नात नवऱ्याला बसवतात तसा त्याला चौथऱ्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवला, एका हातात निशाण दिलं, दुसऱ्यात भरती-ओहोटीचा तक्ता, शेजारी कॅन. राजीनामा देतो म्हणाला, तर त्याच्या जागी दुसरा जबाबदार माणूस आणून द्यायचा. अख्ख्या गावात दवंडी दिली असती तरी एक माणूस 'मी जबाबदार' म्हणून पुढं आला नसता!

एकच गोष्ट त्यानं मनापासून केली. धक्क्यापासून शंभर फुटांत आग, बिडी, चूल, डिझेलची नाव, काही नको असं कलम होतं. ते शंभर फूट मोजायला टेपचं एक टोक नागेंद्रनं धरलं, दुसरं अण्णाप्पानं. इंचसुद्धा इकडं तिकडं नाही. आणि खुणेचा दगड कुठं बसला? म्हशीच्या डोहाच्या एक फूट अलीकडं! झालं. दुसऱ्या दिवसापासनं भावकूची नाव डोहावर लागायला लागली. माणसं तिथं, शेळ्या तिथं, खत तिथं, कॅन तिथं, आणि परशराम दगडाला टेकून, एक पाय नियमाच्या आत आणि बिडी नियमाच्या बाहेर! वर ओरडायचा, "अण्णा, टेप घिऊन या, बगा बरोबर हाय का!"

दुसरा दिवस गेला. अण्णाप्पाला खुर्चीतनं पलीकडचा माळ दिसायचा, माळावरचे वाफे दिसायचे. सकाळी हिरवे होते, दुपारी पोपटी झाले, चारच्या सुमाराला त्याला ते असे दिसायला लागले की जणू रोपं मान टाकून त्याच्याकडंच बघतायत. संध्याकाळी शालन, त्याची बायको, डबा घेऊन आली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं, आणि सूर्यास्तापर्यंत हलायचं नाही, म्हणजे जेवणसुद्धा धक्क्यावरच! ती साखळीच्या बाहेरनंच डबा देत म्हणाली,

"अवं, पलीकडच्या पंपावरनं डिझेल घेऊन टाका की. तरवा वाळाय लागलाय."

"पलीकडचं? महागाचं? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणत्यात ते ऐकलंय का तुम्ही?"

"आणि डोहावरनं न्यायचं नाही हां. मी सुरक्षा बघतोय. माझ्याच घरानं मोडला तर नियमाला तोंड काय राहिलं?"

शालननं पदर खोचला आणि चालू लागली. बायकोनं असा पदर खोचला की पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी काय सांगू?

तिसरा दिवस. सकाळी दहाला इंजिनाचा आवाज आला, दोन्ही राज्यांतली कुत्री भुंकली, आणि डोहावरनं नाव निघाली. अण्णाप्पा बघतोय. नावेत माणसं. माणसांत परशराम. परशरामाशेजारी दुसराच, नवा निळा कॅन. आणि कॅनवर, पदर खोचून, पाटलीणबाईगत बसलीय कोण? शालन! खुर्ची मागं पडली, अण्णाप्पा निशाण घेऊन पायरीच्या काठापर्यंत धावला.

"अगं ए! उतर खाली! नियमात बसत न्हाय!"

ती तिकडनं ओरडली, "मी कॅनवर बसलेय! नियमात तुम्ही बसा!"

"परशा, बिडी टाक रं ती!"

आणि इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे हं, खोटं बोलायचं नाही. परशरामानं बिडी ओठातनं काढली, शालनकडं बघितलं, कॅनकडं बघितलं, आणि बिडी गपकन पाण्यात टाकली. बेचाळीस पानांनी जे झालं नाही ते शालनच्या एका नजरेनं झालं. अण्णाप्पानं ते बघितलं. त्याला वाटलं, अरेच्चा... म्हणजे मला एवढंच पाहिजे होतं की!

अर्ध्या तासानं पलीकडच्या माळावरनं आवाज आला. धड... धड... धडधडधड! त्याच्या विहिरीवरचं इंजिन. तो आवाज अण्णाप्पा हजार इंजिनांत ओळखेल, सुरू होताना तीनदा खोकतं ते. वाफ्यात पाणी शिरलं असणार, शालन अनवाणी बांधावर उभी राहून वाफ्यांची दारं मोडून पाणी फिरवत असणार. अण्णाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं का रागाचं, ते त्यालाही कळलं नाही. पुसावं तर एका हातात निशाण, दुसऱ्या हातात भरती-ओहोटीचा तक्ता! आता ह्यात अण्णाप्पाचं काय चुकलं हो? काय चुकलं?

रोपं जगली. वीस दिवसांनी पलीकडं लावणी सुरू झाली, घरची सगळी डोहावरनं गेली, आणि त्याच दिवशी तालुक्याहून मोठे साहेब पाहणीला आले. धक्का झाडलेला. पायऱ्यांवर शेवाळ सोडून दुसरं पाऊल नाही. साखळीला तेलपाणी केलेलं. साहेबांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि खुर्चीतल्या अण्णाप्पाला विचारलं,

"आतापर्यंत अपघात किती?"

"एक बी न्हाय, साहेब."

"बिडी ओढताना कुणी सापडलं?"

"न्हाय."

"गर्दी, चेंगराचेंगरी, सांडलवंड?"

"न्हाय साहेब. नाव लागत न्हाय, माणूस चढत न्हाय, माल हलत न्हाय. लई सुरक्षित हाय. कोण फिरकतच न्हाय की!"

अण्णाप्पाला वाटलं, आता तरी साहेबांना कळेल. आता साखळी काढतील, निशाण घेतील, म्हणतील, जा बाबा लावणीला. साहेबांनी नागेंद्रकडं बघितलं. नागेंद्रनं मान हलवली. साहेब इतके खूश झाले, इतके खूश झाले, की तिथंच पायरीवर बसून, मांडीवर कागद ठेवून, अण्णाप्पाला जबाबदार व्यक्ती म्हणून पाच वर्षांची मुदतवाढ देऊन गेले.