डॉमिनोच्या टेबलावर बोलायचं नसतं

हॅलो? बाबा? तू शेवटचा कधी रडलास?… नाही रे, कुणाला काही झालेलं नाही! यारिसा आणि मिल्केया माझ्याकडे अभ्यासाला आल्यात ना, त्यांनी पैज लावलीय, मी तुला हे विचारूच शकणार नाही म्हणून… कांदा चिरताना? कांदा धरायचा नाही! आणि तू कांदा कधी चिरलास रे?… डॉमिनोचा डाव चालू आहे? असू दे की, दुकानापुढचं टेबल काही पळून जात नाही. शेजारी बसलेल्या किरिनोकाकांना विचार ना… काय म्हणाले?… बेसबॉलची फायनल हरलो तेव्हा? सगळेच? तूसुद्धा?… अय्या! म्हणजे बेसबॉलसाठी रडलेलं चालतं!

मग फेयोकाकांना पुरलं तेव्हा का नाही?… अरे ऐक ना, भांडत नाहीये, मला खरंच कळत नाही. इतकी वर्षं डावात तुझे जोडीदार… हो, हो, माहितीये, जोडीदाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, लबाडी होते. पण तूच सांगायचास ना, फेयो नुसता थबकला तरी त्याच्या हातात कुठले ठोकळे उरलेत ते मला कळतं?… मग त्यांच्या छातीत दुखतंय, हे कसं नाही कळलं?…

बाबा?… हॅलो? आहेस ना?…

कळलं होतं?… छाती चोळत होते? खेळताना?… आणि तू काय म्हणालास?… ‘खेळ’? एवढंच?… नाही रे बाबा, तुझ्यामुळे नाही. खरंच नाही… हं… हं… बोल, ऐकतेय मी.

थांब, थांब. ‘माझ्यापण’ म्हणजे?… कधीपासून?… काका गेले तेव्हापासून? आणि गॅस म्हणून आल्याचा चहा पितोयस? अरे, तेपण तोच पीत होते!… आत्ता दुखतंय?… थोडंसं म्हणजे किती?… हातातपण?

मिल्केया, आईला बोलव, पळ!… आई, ये, स्पीकर लावलाय. दोघंही ऐका, मी ठरवलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं. बाबा, मोटरसायकलला हात लावायचा नाही. किरिनोकाका, ऐकताय ना? तुमच्या गाडीत घाला त्याला, डाव गेला उडत!… नाही आई, माझी परीक्षा राहू दे. आणि डॉक्टरांपुढे मी बसणार. हा ‘काही नाही’ म्हणतो आणि तू गप्प बसतेस, मी गप्प बसणार नाही… बाबा, रडतोयस?… रड की. आम्ही निघालो. ठेवते!