हरण्याच्या अंगावरचा मिशीवाला

(पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चकलांब्यात राधाकिशन अण्णांच्या ओसरीवर. त्रिंबक खाली पायरीशी वाकलेला, त्याचा मुलगा अभिमन्यू मागे उभा.)

राधाकिशन : पाय सोड आधी, त्रिंबक. लोकं बघतायत रस्त्यानं.

त्रिंबक : बघू द्या. आदी माफ केलं म्हना, मंग सोडतो.

अभिमन्यू : दादा, उठा. माफी कशाची? बैलावर काढलेलं ते चित्र अण्णांचं न्हवतंच.

त्रिंबक : गप बे! सारं गाव फिदीफिदी हसलं, आन् ह्यो म्हनतो न्हवतंच.

राधाकिशन : लाल टोपी, ही एवढी मिशी, हे बटाट्यासारखं नाक. सोसायटीच्या इलेक्शनला आपल्या पॅनलनं लाल टोप्या वाटल्या, त्याला अजून वर्ष नाही झालं. वेशीत तुमचा हरण्या आला आणि बंकट ओरडला, 'अण्णा आले रे, अण्णा!' वाजंत्रीवाले वाजवायचे थांबून हसले. माझं नव्हतं तर कोणाचं होतं? तुझ्या मामाचं?

अभिमन्यू : गेममधल्या गड्याचं.

राधाकिशन : कशातल्या?

अभिमन्यू : व्हिडिओ गेम हो, अण्णा. टीव्हीला डबा जोडायचा, वरून कॅसेट घालायची. त्यात हा मिशीवाला पळतो, खड्ड्यावरून उड्या मारतो.

राधाकिशन : चाळिशीला आलास. हातात उसाचा कोयता आणि डोक्यात गेम. बैलावर काढायला तुला देव मिळाला नाही?

अभिमन्यू : म्या न्हाई काढलं. आरोहीनं काढलं.

त्रिंबक : आरं देवा! पोरीचं नाव कावून घेतलंस बे? अण्णा, पाचवीतली नात माजी, तिला काय कळतंय! तिची वसतिगृहातली जागा तेवढी काढू नका. संस्था तुमची, शब्द तुमचा. दिवाळी झाली की आमी टोळीसंगं कारखान्यावर जानार, मागं तिला बघायला कुनी न्हाई. संगं न्यावी तर शाळा सुटली. आन् एकदा फडात गेलेली पोर माघारी शाळंत येत न्हाई, अण्णा. ह्याचंच बघा की.

राधाकिशन : जागा काढतो म्हणालो का मी?

त्रिंबक : न्हाई. ठिवतो म्हनलात असं बी न्हाई.

राधाकिशन : ते बघू. तू सांग रे. तुझ्या लहानपणीचा हा गडी पाचवीतल्या पोरीला कुठं भेटला?

अभिमन्यू : गेला कुठं तो? माझ्या मोबाईलात हाय की. मी पाचवीत होतो तवा हाच, आता पोर पाचवीत तर हाच. मिशी अजून काळीभोर. आपले गुडघे गेले, ह्याची उडी तेवढीच. मरतो, लगेच उभा ऱ्हातो. कुणावर रुसत न्हाई.

राधाकिशन : म्हणून बैलावर?

अभिमन्यू : अण्णा, सहा महिने पोर इकडं, मी फडात. रविवारी वसतिगृहातल्या बाईंच्या फोनवर बोलतो. मी शाळंचं इचारलं की ती गप. तिनं फडाचं इचारलं की मी गप. ह्या मिशीवाल्याचं निघालं की मात्र दोघांची तोंडं थांबत न्हाईत. 'पप्पा, आलात की त्या किल्ल्यातून कसं जायचं ते दाखवा.' बापाला येतंय असं तेवढंच तर हाय माझ्याकडं. काल म्हनली, 'हरण्यावर त्याला काढू का?' मी म्हनलं, काढ.

राधाकिशन : आणि तू कुठं शिकलास हे? तुमच्याकडं टीव्ही होता तेव्हा?

अभिमन्यू : टीव्ही कुठला! हितंच शिकलो. तुमच्या मागच्या खोलीत, रविराजसंगं.

राधाकिशन : आमच्या रविराजबरोबर?

अभिमन्यू : तुमी मीटिंगला बीडला गेलतात की काकू मला आत घ्यायच्या. पहिला डाव त्याचा, दुसरा माझा. तुमची जीप वाजली की मी मागल्या दारानं पसार.

त्रिंबक : मला बी हे ठावं न्हाई, अण्णा. आईच्यान!

राधाकिशन : मलाही कोणी सांगितलं नाही कधी.

अभिमन्यू : सांगणार कोण? खोटं वाटत आसंल तर रविराजला फोन लावा. बैलावरचा कोण, ते इचारा.

राधाकिशन : त्याचाच फोन आलता सकाळी. पुण्याहून.

अभिमन्यू : मंग?

राधाकिशन : कोणीतरी व्हिडिओ पाठवलेला त्याला. 'अण्णा, बैलावरचा मिशीवाला बघितला का?' म्हणाला आणि हसत सुटला. मला वाटलं, आता पोटचं पोरगंही हसायला लागलं आपल्याला. फोन ठेवून दिला मी. परत दोनदा वाजला, उचलला नाही.

अभिमन्यू : खुश होऊन हसला आसंल तो. लहानपणी हसायचा तसा.

राधाकिशन : असेल. मी कुठं ऐकलंय ते हसणं? जीप वाजली की तुमचा खेळ बंद. गेल्या दिवाळीला नातवाच्या शर्टावर असलाच मिशीवाला होता. मला वाटलं, बँडवाला आहे कोणीतरी. विचारलंही नाही.

अभिमन्यू : बघा. तुमचा नातू, माझी पोर. गडी एकच.

राधाकिशन : ते सगळं खरं. पण गावाला कुठं माहीत होता तो गडी? गाव मलाच समजून हसलं. बंकट माझ्या ताटाला ताट लावून जेवणारा माणूस, तोच पहिला ओरडला. काय पोट धरून हसली रे लोकं! किती दिवसांचं साठवलं होतं कुणास ठाऊक. लाज वाटली मला. रात्री जेवण गेलं नाही.

त्रिंबक : तुमाला कशाची लाज, अण्णा? लाज माजी गेली. घरात सुतक आसंल तरच पोळ्याला बैल कोरा ऱ्हातो. म्या हरण्याला वेशीतून माघारी फिरवला, हौदावर नेऊन घासला. शेजारचा सोमेश्वर म्हनला, 'त्रिंबक, घरात कोन गेलं?' काय सांगावं मानसानं? पोर शेजारी हुबी, हाताला अजून लाल रंग. म्हनली, 'आबा, वाईट काढलं का मी?' पुरणपोळीला शिवली न्हाई ती काल.

राधाकिशन : म्हणजे कोराच नेलास तोरणाखालून?

त्रिंबक : सगळ्यांच्या मागून. मान खाली घालून.

राधाकिशन : ऐक. पोरीची जागा आहे. यंदाही आणि पुढंही, ती शिकेल तोवर. दिवाळी झाली की आणून सोडा. बाईंना मी सांगून ठेवतो.

त्रिंबक : लई उपकार झाले, अण्णा.

राधाकिशन : उपकार म्हणू नको. पण एक सांग मला. काल वेशीत मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तुझ्याकडं माणूस धाडला नाही, काही नाही. मग बैल धुवायला तुला सांगितलं कोणी?

त्रिंबक : कुनीच न्हाई. तुमी निस्तं माज्याकडं बघितलं, अण्णा.