मुंडक्याचा मान

माझं सासरचं गाव आता पान्याखाली हाय, ताई. उजनीचं धरन झालं तवा गेलं. लगीन होऊन मी आले आन् दोन वर्सांत गावच उठलं, मंग आमी वर माळावर येऊन ऱ्हायलो, आन् ज्या रानात मी नवी नवरी खुरपायला जायची त्याच रानावरनं आमच्या मालकांची होडी फिराय लागली. आमी भोई. धरनाचं पानी दुसऱ्यांना नडलं, आमाला फळलं, खोटं कशाला बोलू. मालक जाळं टाकायचे आन् मी भिगवनच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. चिलापी, कटला, मरळ, वाम, समदं माझ्या हाताखालनं गेलेलं. लांबनं डोळा बघून सांगीन मासा आजचा हाय का कालचा. पन काय सांगू तुमाला, चाळीस वर्सं मासे इकले आन् एक बी मासा सोताच्या हातानं धरला न्हाई. होडीत बाईनं बसायचं न्हाई, असं आमच्या घरात व्हतं. दुसऱ्यांच्या बाया बसायच्या, वल्हं मारायच्या. मी एकदा म्हनलं मला बी शिकवा की, तर मालक म्हनले, तू तुझी पाटी संभाळ. संभाळली.

मंग मालक गेले. दत्ता माझा एकुलता एक, त्यो शिकला, पुन्यात नोकरीला लागला आन् तिथनं हितं आयर्लंडात आला. कासलबारला कारखान्यात हाय, दवाखान्यात लागनाऱ्या बारीक नळ्या बनवत्यात तिथं. सून पुन्याची, ती बी कामाला जाती, चांगली हाय, मला आई म्हनती, फकस्त माशाच्या वासानं तिला उमासे येत्यात. येऊ देत, ज्याचं त्याचं. मला तीन म्हैन्याचा व्हिसा मिळतो, ही माझी तिसरी खेप. तुमी आपल्या मराठी बाई, पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या ल्यूकनवरनं येवढी गाडी चालवत माझं ऐकायला आलात, बघितलंत न्हवं रस्ता, मानूस न्हाई वाटंला. घर तळ्याच्या काठाला. लॉक म्हनत्यात हितं तळ्याला. सकाळी दोघं कामाला गेली की मी आन् पानी. एवढं मोठं पानी, पन जाळं न्हाई, हाळी न्हाई, भांडान न्हाई. मी नुसती खिडकीत.

शेजारी ऱ्हातो त्यो म्हातारा, मार्टिन. मी म्हनायची मार्तंड. दत्ता म्हनला, आये, असं नको म्हनूस, मी म्हनलं, खंडोबाचं नाव हाय, वंगाळ हाय का? आन् त्यो ओ बी द्यायचा. बायको वारलेली, पोरं लांब देशी. रोज सकाळी होडी काढायचा, हातात गळाची काठी. मी धक्क्यावर उभी ऱ्हाऊन बघायची. एक दिवस त्यानं हातानं इचारलं, येती का? मी म्हागं वळून बघितलं, कुनी बघत न्हाई ना. कोन बघनार हितं? चौसष्ट वर्साची बाई, पैल्यांदा होडीत बसले. पदर घट्ट खोचला आन् बसले.

त्यानं मला शिकवलं, ताई. ना त्याची भाषा मला, ना माझी त्याला. हितल्या एका माशाला पाईक म्हनत्यात. तोंड सुसरीवानी, दात आत वळलेले, म्हनून दोरीच्या टोकाला तार लावायची, न्हाईतर दोरी कापून जातो. गळाला पत्र्याचा चमचा असतो, त्यो लांब फेकायचा आन् गुंडाळत आनायचा, मंग त्यो पान्यात लचकत येतो आन् पाईकला वाटतं दुखावलेली मासोळी चालली. पैल्या दिवशी फेकला त्यो माझ्याच पदराला घुसला. मार्तंड हासला न्हाई, खाली बसून हळू सोडवून दिला. मी गरागरा गुंडाळायची, त्यो म्हनायचा, स्लो, स्लो. बाजारातली बाई मी, मला दम कुठला? कवा कवा मासा चमच्याच्या मागं मागं पार होडीपोतर यायचा, बघायचा आन् निघून जायचा. मी शिव्या घालायची. मार्तंड म्हनायचा, स्लो.

पन एक मला कळंना. त्यो मोठा मासा धरायचा, गळ काढायचा आन् पोटाखाली हात घालून पान्यातच धरून ठेवायचा, त्याच्याशी कायबाय बोलायचा, आन् सोडून द्यायचा! आरं देवा. मी कपाळाला हात लावला. दत्ताला इचारलं तर त्यो म्हनला, आये, हितं मोठा पाईक परत सोडावा लागतो, कायदाच हाय तसा. ऐकलं मी, खोटं न्हाई बोलत, ऐकलं आन् सोडून दिलं. भिगवनला बी लई कायदे हायेत. माझ्या मनात आपलं वेगळंच, की काट्याचा मासा, एकट्या मान्साला कोन करून घालनार, म्हनून सोडत असंल, पाव आन् चहावर जगतंय बिचारं. म्हनलं, आपल्या गळाला लागू दे, मी घालते करून.

दुसऱ्या खेपेला लागला. मार्तंड त्या दिवशी डोळं दाखवायला शेहरात गेला व्हता, मला एक काठी देऊन ठेवलेली, मी धक्क्यावरनंच फेकत व्हते. असा हिसका बसला, मला वाटलं मीच जाते आत. तासभर तरी झगडले, गुडघाभर पान्यात उतरले, हात सोलला, आन् ह्यो एवढा, ताई, माझ्या मांडीयेवढा जाड. एक डोळा पांढरा, मोतीबिंदू झाल्यावानी, आन् खालचा जबडा एका अंगाला वाकडा. म्हनलं माझ्यासारखाच म्हातारा दिसतो. लाकूड घेतलं आन् डोक्यात घातलं. किती आनंद झाला व्हता मला! मालकांचं नाव घेऊन म्हनलं, बघा, धरला का न्हाई.

सून यायच्या आत साफ केला, कांदा-खोबऱ्याचं वाटन, काळं तिखट, चिंचेचा कोळ. आन् मुंडकं अख्खं ठेवलं. आमच्यात मुंडक्याचा मान घरच्या कर्त्या मान्साचा. मालक गेल्यापास्नं मी कुनाच्याच ताटात वाढलं न्हवतं, दत्ता खात न्हाई आन् सून तर बघत बी न्हाई. मार्तंड परत आला तसं पातेलं घेऊन गेले, त्याच्या टेबलावर ठेवलं आन् झाकन काढलं.

त्यो बघत ऱ्हायला. लई वेळ बघत ऱ्हायला. मंग म्हनला, ग्रँड.

आता ग्रँड मला म्हाईत व्हतं. आमच्याकडं ग्रँड लगीन असतं, ग्रँड हाटेल असतं. मी फुगले. बसला त्यो आन् खाल्लं त्यानं, ताई, समदं खाल्लं. मुंडकं कसं खायचं त्याला येईना, तर मी गालाचं मांस बोटानं काढून त्याच्या ताटात ठेवलं. डोळ्यातनं पानी गळाय लागलं तसं मी हासले, म्हनलं तिखट लागलं बिचाऱ्याला, आन् पानी वतून दिलं.

त्यानंतर होडी निघंना. मी सकाळी धक्क्यावर जाऊन उभी, त्यो दारातनं हात हलवायचा, ग्रँड म्हनायचा आन् आत जायचा. पंधरा दिस झाले. दत्ता मार्तंडचा फोन दुरुस्त करून द्यायला गेला आन् घरी आला त्यो बसलाच न्हाई, उभ्या उभ्या म्हनला, आये, त्या माशाचा डोळा कसला व्हता?

मार्तंडच्या भिंतीवर फोटू हाय. बायको होडीत बसलीय, मांडीवर पाईक, आन् पाईकचा एक डोळा पांढरा, जबडा वाकडा. ती वारली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला. तिनं धरला आन् तिनंच सोडला. त्यानंतर मार्तंड दर साली त्यालाच हुडकायचा, दोन डाव गावला, दोन्ही डाव बघितला आन् सोडला. दत्ताला त्यो म्हनला व्हता, आईला सांगू नकोस. पन दत्तानं सांगितलं, आन् वर म्हनला, तुला मी कायदा सांगितला व्हता का न्हाई? आन् मी म्हनलं, आरं पन त्यो ग्रँड म्हनला की! तवा दत्ता खाली बसला आन् म्हनला, आये, हितं ग्रँड म्हंजे झ्याक न्हवं, हितं ग्रँड म्हंजे असू दे, चालतंय.

त्याच्या बायकोचा मासा मी त्यालाच खाऊ घातला, ताई. गालाचं मांस बोटानं काढून.

तशीच गेले मी गावाला. वर्सभर कुनाला सांगितलं न्हाई. बाजारात बसायचं कवाच सुटलंय, पन कुनाच्या पाटीत मोठं मुंडकं दिसलं की मी दुसरीकडं बघायची. ह्या खेपेला येताना ठरवूनच आले की माफी मागायची. पन न्यायचं काय? आमच्यात अशा वक्ताला रिकाम्या हातानं जात न्हाईत, आन् मला तर मासाच करता येतो. शेवटी तशीच गेले, दत्ताला बरोबर घेतलं. होडी पालथी पडलेली, कडंनं गवत वाढलेलं. त्यानं चहा केला. मी हात जोडले, सॉरी म्हनलं, आन् बाकीचं दत्तानं त्याच्या भाषेत सांगितलं. मार्तंड कपाकडं बघत व्हता. मंग दत्ताला कायतरी लांबलचक म्हनला आन् दत्ता लगीच सांगंना. मी म्हनलं, सांग की, शिवी असली तरी सांग.

दत्ता म्हनला, आये, त्यो म्हनतो, बायको गेल्यापास्नं त्याच्यासाठी कुनी चूल पेटवली न्हवती. त्यो म्हनतो, ओळखला व्हता त्यानं, झाकन काढल्या काढल्या, वाकड्या जबड्यावरनं. पन तू येवढी हासत उभी व्हतीस, तर त्याला न्हाई म्हनवंना. आन् त्यो म्हनतो, चव चांगली व्हती.

काय करावं मी, ताई, तुमीच सांगा. आमच्याकडं बाया बाजारात एकमेकींच्या झिंज्या उपटत्यात आन् सांजच्याला एकीच्याच तंबाखूची चिमूट दुसरी मागती. तशी सवय आमाला, भांडून घेतलं की फिटलं. गुरुवारी माझं परतीचं ईमान हाय. देव त्याला बरं ठेवो, त्याचं डोळं चांगलं ऱ्हावोत, त्या पान्यात आनखी एखादा मोठा होवो आन् त्यालाच गावो. पन खरं सांगू का, त्यानं त्या दिवशी माझ्या तोंडावर शिवी हासडून पातेलं भिरकावलं असतं ना, तर मी गुरुवारी सुखानं ईमानात बसले असते.