उजवं फूल

रामनगरच्या स्टँडवर जोयड्याच्या गाडीची वाट बघत दोघी बसल्या होत्या.

“अक्का, तुमच्या लेकाचे, झिलूचे पाय कसे हाईत?”

“उचलतच न्हाईत. चिकनगुन्याचा ताप गेला आन् पंधरा दिसांनी पायच गळाले.”

“डॉक्टर काय म्हनतोय?”

“म्हनतोय, तापाशी लढायला अंगानं जे तयार केलं, तेच आता नसांवर उठलंय. रगात तपासलं म्हनं.”

“आपलंच अंग आपल्यावर कसं उठंल?”

“तेच तर! त्या डॉक्टरकडं नेलं कुणी? सुनेनं. मला तवाच संशय आला. देवाला कौल लावला, उजवं फूल पडलं, म्हंजे देव व्हय म्हनला. करणी तिचीच. दिली माहेरी धाडून.”

“कौल लावताना नावं कुणाकुणाची घेतली?”

“तिचं एकटीचंच. बाकी सगळी आमच्या घरचीच की!”