मरळीच्या पोटातला किडा

काय सांगू, परवा एका मरळीचं कालवण माझी लेक चिमी जेवली आणि दुसरी चिरताना आतून पांढरा किडा निघाला! तो डबीत घालून मी चिमीला घेऊन कराडला डॉक्टरांकडं गेले. सासूबाई वाटभर हसत होत्या. "आमी जल्मभर मासं खाल्लं. तू लय भित्री!"

मी विचारलं, "डॉक्टर, हा माणसाच्या पोटात वाढतो का हो?"

"काही जातींचे वाढतात. पण नीट शिजवला की मरतो. फक्त मासा चिरलेल्या विळीवर, ती न धुता, कच्चं काही चिरलं नाही ना?"

मी सासूबाईंकडं बघितलं. काकडी त्यांनीच चिरली होती. म्हटलं, "कोशिंबीर केली होती, पण चिमी काकडीला तोंड लावत नाही."

सासूबाईंचं हसू गेलं. "आवं डाक्टर, कोशिंबीर सगळी मीच खाल्ली. आता मला तपासा की!"