हॅण्डल उंच हवंय

— नाही हो मिस्त्री, हे नाही. हे जुन्याहून बोटभर उंच असेल-नसेल. मला उंच हवंय, उंच — हे बघा, मी ताठ बसलेय, पाठ सरळ, कोपरं अंगालगत, आणि मुठी इथे आल्या पाहिजेत, छातीच्या जरा खाली. ते वर टांगलंय ना, दोन्हीकडून वर वळलेलं, बैलाच्या शिंगांसारखं — ते काढा. शोभणार नाही? शोभेसाठी कुणी मागितलंय! माझ्या वयाच्या बाईला मोटरसायकलच शोभत नाही म्हणतात लोक, त्यात हॅण्डलचं काय घेऊन बसलात. हा उजवा हात बघा — पुढे इथपर्यंत जातो, आणि तिथून खाली — नाही जात. खांदा वेडावाकडा सांधलाय. वाकून हातांवर भार टाकायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून उंच. वायरी आखूड पडतील, तेही माहितीय — ज्या मिस्त्रीने इंजिन उघडून गाडी चालू करून दिली त्यानेच सांगितलं होतं — लांब वायरी त्या पिशवीत आहेत, क्लचची, ब्रेकची, सगळ्या. तुम्ही फक्त बसवा. आणि घाई करा थोडी, फेरी निघायच्या आत मला पोचायचंय.

हो, तीच फेरी. रस्ता सुरक्षेची. तुम्ही पण जाणार होतात? बरं, मग सरांना ओळखत असाल. ओळखतच असाल, इथली निम्मी माणसं त्यांच्याच शाळेत गाडी शिकलीयत. काय बोलतात ना सर! मी ऐकलंय, एकदा सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकलंय, डोक्यावरून पदर घेऊन — कसं आवाज खाली आणतात, कसं मध्येच थांबतात, पाणी पितात. "माझी सख्खी ताई," म्हणतात, "मी तिला नेहमी सांगायचो, ताई, हळू चालव." आणि मग ते वळण, तो सायकल ढकलत चाललेला शिंपी, तो आवाज — बायका डोळे पुसतात हो. माझ्या शेजारची पुसत होती. मला म्हणाली, "बिचारा भाऊ, बहिणीच्या पापाचं ओझं वाहतोय." मी म्हटलं, हो ना.

काय झालं? पाना का थांबला? — हो, मीच ती. ताई. बघून घ्या नीट, भाषणात वर्णन येत नाही ना माझं. आणि गाडी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटतेय म्हणालात ना मघाशी, पाहिलीच असणार, शाळेच्या दाराशी उभी होती कैक वर्षं, काचेच्या पेटीत नव्हती एवढंच. वाकडं हॅण्डल तसंच ठेवलं होतं त्याने मुद्दाम, आणि वर पाटी — "वेगाचा बळी". पोरं फोटो काढायची. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते, रोज त्याच रस्त्याने चालत जायचे — चालतच, दुकानापर्यंत, उन्हात, पावसात, बसला गर्दी असली तरी आणि नसली तरी — आणि ती रोज मला दिसायची. माझी गाडी. बाबांची, पण चालवायचे मीच. त्याला कुणी शिकवली असेल? मी शिकवली! मैदानावर मागून धावत, हात त्याच्या पाठीवर ठेवून, "सोडू नकोस ताई, सोडू नकोस" ओरडायचा घाबरट, आणि मी केव्हाच सोडलेलं असायचं.

तर ते वळण. चालवत तो होता. झालं, बोलून टाकलं, आता पाना फिरवा. तो पुढे आणि मी मागे, बाजारातून येत होतो, मांडीवर भाजीची पिशवी माझ्या. दोन मित्र दिसले त्याला कोपऱ्यावर, त्यांना दाखवायचं होतं ना, गाडी कशी आडवी घालतो ते. मी म्हटलं, "हळू रे." मी म्हटलं, कळलं? भाषणातलं ते वाक्य माझं आहे, तेवढं एक तरी त्याने खरं ठेवलंय, फक्त तोंड बदललं. शिंपी बिचारा शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं सायकलवर टाकून कडेकडेने चालला होता. त्याचा पाय गेला. गुडघ्यातून. पायाने मशीन चालवणाऱ्या माणसाचा पाय — विचार करा. मी उडून खांद्यावर पडले आणि गाडी पोटरीवर. हा डाग बघा, सायलेन्सरचा, बघा हो, लाजता काय, तुम्ही गाड्यांचे डॉक्टर. पुढे बसणाऱ्याची पोटरी तिथवर पोचेल का, सांगा तुम्हीच. नाही ना? एवढं साधं, पण बघितलं कुणी? मीच तोंडाने कबूल केल्यावर कोण कशाला पोटऱ्या बघतंय.

का म्हणजे? बाबा आले ना दवाखान्यात. माझा हात असा गळ्यात बांधलेला, आणि तो बाकावर, साधं खरचटलेलं नाही. बाबांनी आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, त्याला सरकारी ड्रायव्हरची जागा मिळायचीय. त्याचं लायसन्स गेलं तर घर बसेल. तुला काय करायचंय लायसन्स? उद्या लग्न होऊन जाशील, तुला आयुष्यभर मागेच बसायचंय." आई दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. पोलिसांनी विचारलं, कोण चालवत होतं? मी म्हटलं, मी.

मागे बसायलाही मिळालं नाही हो! ठरत आलेलं लग्न मोडलं. त्यांनी निरोप पाठवला — अशी धडाकेबाज सून आम्हाला पेलायची नाही. लायसन्स गेलं, खांदा गेला, आणि बाजारात गेलं की लोक कुजबुजायचे, हीच ती, माणसाचा पाय तोडला हिने. सगळं गिळलं मी. घरासाठी केलं, भाऊ आहे, चालायचंच. त्याने ती नोकरी केली थोडी आणि सोडली. का सोडली? तर शाळा काढायची होती. घर बसणार होतं ना ज्या नोकरीशिवाय, ती सोडताना कुणाला काही वाटलं नाही. आणि मग ही भाषणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, असेल, पोटासाठी माणूस काय काय बोलतो.

मग आत्ता काय झालं म्हणता? थांबा, तो बोल्ट आधी नीट आवळा, गप्पांच्या नादात राहील. — भाची. त्याची पोरगी, एवढीशी. जेवताना माझ्या शेजारी बसली होती, माझ्याच हाताने भरवत होते तिला, आणि मला विचारते, "आत्या, तू त्या शिंपीकाकांना का पाडलंस?" घास हातात तसाच राहिला माझ्या. ते भाषण पाठ केलं होतं हो पोरीने! तिच्या शाळेत बोलून दाखवलं होतं, बक्षीस मिळालं होतं, बापाने शिकवलेलं, आवाज खाली कुठे आणायचा त्यासकट. मी त्याच्याकडे बघितलं. तो ताटात बघत होता. मग मी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि म्हटलं, आता पुरे, निदान पोरीला तरी खरं सांग. तर काय म्हणाला माहितीय? चिडला नाही, ओरडला नाही. माझ्याकडे असं बघितलं, जसं वेड्या माणसाकडे मायेने बघतात, आणि म्हणाला, "ताई, काय बोलतेस? तूच चालवत होतीस ना."

खोटं बोलत नव्हता हो तो. तेच तर. मी त्याला लहानपणापासून ओळखते, खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, आणि कान लाल झाले नव्हते. इतक्यांदा सांगितलंय त्याने की त्याला आता तेच आठवतं! म्हणजे मी भोगलं ते भोगलं, आणि ज्याच्यासाठी भोगलं त्याच्या डोक्यात त्याची नोंदसुद्धा नाही. चोरी केली आणि विसरून गेला. त्याने उपकार मानले असते ना, मनातल्या मनात, रात्री कधी कूस बदलताना — तर मी मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं. पण हे? नाही. आता त्याला आठवण करून देणार मी. अशी की पुन्हा विसरता यायची नाही.

आईकडे गेले मी. बाबा गेल्यापासून गाडी तिच्या नावावर. म्हटलं, माझ्या नावावर कर. तिने कशाला म्हणून विचारलं नाही. सही केली, आणि म्हणाली, "जेवून जा." बस्स. टेम्पो घेऊन शाळेच्या दारातून उचलून आणली, तेव्हा तो धावत आला, "ताई, आठवण आहे गं ती आपली!" मी म्हटलं, हो, म्हणूनच नेतेय. लायसन्स पुन्हा काढलं — त्याच्या शाळेत जाऊन नाही, काळजी नको.

ते जुनं वाकडं हॅण्डल फेकू नका हां! द्या इकडे. फडक्यात गुंडाळून द्या, मागे बांधायचंय. तो व्यासपीठावर चढेल, पाणी पिईल, "माझी सख्खी ताई" म्हणेल, तेव्हा मी पुढे जाणार आणि हे त्याच्या हातात देणार, माइकसमोर. म्हणणार, धर. त्या दिवशी तूच धरलं होतंस. मुठी कुठे होत्या ते हातांना विचार, डोक्याला नको.

कोण मानेल? मानेल ना. शिंपी येतोय माझ्याबरोबर. पुढच्या चौकात उभा आहे, त्याला मागे बसवून नेणार. दचकलात? मीही दचकले होते त्याच्या दुकानाची पायरी चढताना. मी दिसले की खुर्ची फिरवून पाठ करायचा तो, इतकी वर्षं. त्या दिवशीही केली. मी त्या पाठीलाच सगळं सांगितलं. तोंडात टाचण्या होत्या त्याच्या. एकेक काढली, उशीत खोचली, वळला, पोटरीवरचा डाग दाखव म्हणाला, मी दाखवला. बराच वेळ हाताने मशीनचं चाक फिरवत राहिला, कापड नव्हतंच खाली. मग म्हणाला, "चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या मी जन्मभर." मला वाटलं, आता माफी मागेल. तर म्हणतो, "तू पण कमी नाहीस. मला खरा माणूस तरी दाखवायचा होतास." बरोबरच आहे त्याचं. फेरीचं सांगितलं तर म्हणाला, "येतो. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी."

झालं? वळवून बघा पूर्ण, डावीकडे — आता उजवीकडे — वायर कुठे ताणत नाहीये ना? छान. बसू दे मला. — अरे वा. हात पोचले. दुखत नाहीये, बघा, जराही दुखत नाहीये! किती वर्षांनी — जाऊ दे.

काय? त्याचं वाटोळं होईल? होऊ दे की. शाळा बंद पडेल? पडू दे. पोरीला काय वाटेल? तिला वाटेल की आत्याने कुणाला पाडलं नव्हतं. एवढंच वाटलं तरी — काय म्हणालात? शिंप्याला कशाला नेतेय, एकटी जाऊन बोललं तरी चालेल? नाही चालणार. अहो, नाही चालणार. तुम्हाला काय माहीत. तो वर उभा असेल, मी समोर जाईन, आणि तो घाबरून नुसतं "ताई" म्हणाला ना — त्या मैदानावर म्हणायचा तसं — तर मी गाडी वळवीन. मला माहितीय, मी वळवीन, आणि परत गिळीन सगळं. म्हणून तो माणूस पाठीशी हवाय. तो वळू देणार नाही मला.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. कशाला बोलतं केलंत मला? तुमचं काम झालं ना? मग सरका. गाडीपुढून सरका, मिस्त्री.